विरळ हवा, तापलेलं इंजिन



ही व्याख्यानमाला एका विज्ञानशिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. तेव्हा आज मी इतिहास सांगेन, पण त्याच्या जोडीनं फळ्यावर हिशेबही मांडेन. शिक्षकाचं स्मरण नुसत्या गौरवानं होत नाही, एखादी गोष्ट नीट समजून घेतली की होतं, असं मी मानतो.

समुद्रसपाटीपासून ३० हजार फुटांवर हवेचं तापमान साधारण उणे ४४ अंश सेल्सिअस असतं. तिथं उघडा हात काही मिनिटांत बधिर होईल. अशा हवेतून पिस्टन इंजिनाचं विमान न्यायचं असेल, तर त्याच्या इंजिनाला मोठा धोका कशाचा? कुणीही म्हणेल, गारठ्याचा. पण अशी विमानं ज्यांनी बांधली आणि उडवली, त्यांच्या रात्री खाल्ल्या त्या उष्णतेनं. गोठवणाऱ्या आभाळात इंजिन तापतं. ते का तापतं, त्यावर लोकांनी काय उपाय काढले आणि त्या उपायांशी आपल्या महाराष्ट्राचा काय संबंध आहे, एवढंच मला आज सांगायचं आहे.

हवेचा हिशेब

सुरुवात आपण बसलो आहोत तिथूनच करू. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. मलकापूर-मोताळ्याकडून येणारा माणूस राजूर घाट चढून वर येतो, तेव्हा त्याला गारवा जाणवतो. हवेतला फरक मात्र जाणवत नाही. पण तो आहे. या सभागृहातल्या हवेचा दाब मुंबईच्या चौपाटीवरच्या दाबापेक्षा सुमारे सात टक्क्यांनी कमी आहे. १८ हजार फुटांवर तो निम्मा होतो. ३० हजार फुटांवर जेमतेम तीस टक्के उरतो. तिथली हवा गार असल्यामुळे थोडी दाटते, म्हणून घनता सदतीस टक्क्यांवर थांबते.

आता एक इंजिन घेऊ. अमेरिकेच्या प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचं ‘ट्विन वास्प’. चौदा सिलिंडर, सात-सातच्या दोन गोल रांगांत मांडलेले. एकूण आकारमान ३० लिटर, ताकद सुमारे १,२०० अश्वशक्ती. मिनिटाला २,७०० फेरे होत असताना हे इंजिन दर मिनिटाला ४० हजार लिटरच्या वर हवा ओढतं, कारण चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच प्रत्येक सिलिंडर भरतो. समुद्रसपाटीला एवढ्या हवेचं वजन सुमारे पन्नास किलो भरतं. ३० हजार फुटांवर तितकेच लिटर ओढले, तर हाती लागते साडेअठरा किलोच्या आसपास हवा. एक किलो पेट्रोल नीट जाळायला जवळपास पंधरा किलो हवा लागते. हवा कमी म्हणजे इंधन कमी, इंधन कमी म्हणजे ताकद कमी. १,२०० अश्वशक्तीचं इंजिन चारशेवर येतं, आणि आतल्या घर्षणाचा वाटा तेवढाच राहत असल्यामुळे त्याहूनही खाली जातं. टाकी भरलेली असते, ठिणगी पडत असते, पण इंजिनाचा दम तुटलेला असतो.

उपाय उघड आहे. बाहेरची हवा विरळ असेल, तर ती दाबून सिलिंडरमध्ये भरायची. हे काम करणारा पंखा म्हणजे सुपरचार्जर. आपल्या खामगावच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये गाडीभर मोकळी रुई दाबून तिची गाठ बांधतात, तसंच हे हवेचं गाठ बांधणं आहे. फरक एकच, आणि आजचं सगळं व्याख्यान त्या एका फरकावर उभं आहे. दाबलेली हवा तापते.

दाबाची किंमत

किती तापते? ३० हजार फुटांवरची उणे ४४ अंशांची हवा दाबून समुद्रसपाटीच्या दाबाला आणायची, म्हणजे दाब जवळपास तीन पूर्णांक चार दशांश पट करायचा. पंखा आदर्श असता, कुठेही शक्ती वाया गेली नसती, तरी हवा सुमारे ५० अंशांपर्यंत तापली असती. खरा पंखा आदर्श नसतो. त्याची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली, तर पलीकडे बाहेर पडणारी हवा नव्वद अंशांच्या घरात जाते. गोठलेल्या आभाळातून हवा आत घेतली आणि सिलिंडरच्या दाराशी ती चहाच्या आधणाइतकी कढत झाली.

यात दोन नुकसानं आहेत. पहिलं, तापलेली हवा पसरते. नव्वद अंशांच्या हवेत, दाब तोच असूनही, पंधरा अंशांच्या हवेपेक्षा पाचवा हिस्सा कमी वजन मावतं. जेवढं दाबून मिळवलं, त्यातलं बरंच उष्णतेनं परत नेलं. दुसरं नुकसान जास्त घातक आहे. तापलेलं मिश्रण ठिणगीनंतर शिस्तीत जळत नाही. ज्वाळा पोचण्याआधीच त्याचा कोपऱ्यातला भाग एकदम पेट घेतो. आपले मिस्त्री त्याला नॉकिंग म्हणतात. रस्त्यावरच्या गाडीत त्याचा टकटक आवाज येतो. पूर्ण ताकदीवर चाललेल्या विमानाच्या इंजिनात तो पिस्टनला भोक पाडू शकतो.

पंखा फिरवण्याची किंमत वेगळीच. क्रँकशाफ्टला गिअर जोडून सुपरचार्जर फिरवला, तर मोठ्या इंजिनात शंभर-दीडशे अश्वशक्ती तोच खातो. शिवाय तो एका ठरावीक उंचीसाठी जुळवलेला असतो. त्याच्या खाली तो गरजेपेक्षा जास्त हवा कोंबतो, म्हणून थ्रॉटल आवळावा लागतो. त्या उंचीच्या वर तो अपुरा पडतो.

दुसरी वाट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ च्या पेटंटमध्ये दाखवली. धुराच्या नळीतून जी शक्ती फुकट बाहेर जाते, तिनंच पंखा फिरवायचा. हा टर्बो. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये ओग्युस्त रातो यांनी तो विमानाच्या इंजिनाला लावून पाहिला. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये लिबर्टी इंजिन ट्रकवर चढवलं आणि कोलोरॅडोतल्या १४ हजार फुटांच्या पाइक्स पीकवर नेलं. समुद्रसपाटीजवळच्या हवेत ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन शिखरावर २३० वर आलं होतं. टर्बो जोडल्यावर त्यानं ३५६ अश्वशक्ती दिली. डोंगरानं घेतलेली सगळी ताकद परत मिळाली.

पण टर्बोची चक्कीसुद्धा उष्णतेच्या तोंडीच बसलेली असते. सातशे-आठशे अंशांचा धूर तिच्या पात्यांवर आदळतो आणि ती मिनिटाला वीस हजारांहून जास्त फेरे घेते. एवढ्या तापात आणि एवढ्या ताणात न फाटणारा धातू सापडेपर्यंत टर्बोला सैन्याच्या विमानात जागा मिळाली नाही. त्यात वीसेक वर्षं गेली.

पूर्णियाहून एव्हरेस्टवर

उंचावरच्या इंजिनाची ही गोष्ट भारताच्या आकाशात पहिल्यांदा ठळकपणे दिसली ती १९३३ मध्ये. त्या वर्षी ३ एप्रिलला बिहारमधल्या पूर्णियाजवळच्या लालबालू मैदानावरून दोन ब्रिटिश विमानं उडाली आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरून जाऊन परत आली. माणूस पहिल्यांदाच त्या शिखरावरून उडत गेला. दोन्ही विमानांना ब्रिस्टल कंपनीचं ‘पेगॅसस’ हे सुपरचार्ज केलेलं, नऊ सिलिंडरचं, हवेनं गार होणारं इंजिन होतं. वैमानिकांची नावं क्लाइड्सडेल आणि मॅकिन्टायर. त्यांच्या अंगात विजेनं गरम होणारे कपडे होते, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. वृत्तपत्रांनी शिखराचे फोटो छापले. मला त्या फोटोंपेक्षा त्या सिलिंडरवरच्या पट्ट्या पाहाव्याशा वाटतात.

कारण तिथं एक विचित्र गणित होतं. हवेनं गार होणाऱ्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरभोवती धातूच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांना फिन्स म्हणतात. त्यांच्यातून हवा वाहते आणि उष्णता घेऊन जाते. सिलिंडर दोनशे अंशांवर धरू. जमिनीवर बाहेरची हवा पंधरा अंश, म्हणजे फरक १८५ अंशांचा. ३० हजार फुटांवर तो २४४ होतो, एक तृतीयांशानं वाढतो. इथवर गारठा आपल्या बाजूनं. पण उष्णता वाहून नेते ती हवेची थंडी नसून तिचं वजन. त्याच वेगानं उडताना फिन्समधून जाणारी हवा वजनानं सदतीस टक्केच असते. दोन्ही बाजू एकत्र मांडल्या, तर ढोबळ हिशेबानं गार करण्याची क्षमता जमिनीच्या निम्म्यावर येते. सुपरचार्जर किंवा टर्बो लावून आपण इंजिनाची ताकद जमिनीइतकीच टिकवली, म्हणजे त्याची उष्णताही जमिनीइतकीच राहिली. ती फेकायचं साधन मात्र निम्म्यानं घटलं. गोठलेल्या आभाळात इंजिन तापतं ते असं.

विरळ हवेचे आणखी त्रास याच मुळातून निघतात. पाणी ३० हजार फुटांच्या दाबाला सुमारे सत्तर अंशांतच उकळतं, त्यामुळे रेडिएटर बंद करून दाबाखाली ठेवावा लागतो. विरळ हवा विजेलाही नीट अडवत नाही. मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीची वीज बनवणारं यंत्र, त्यातली ठिणगी प्लगपर्यंत जायच्या आधीच मध्ये कुठेतरी उडी मारते, म्हणून मॅग्नेटोतसुद्धा दाबाची हवा भरावी लागते. आणि तेलाच्या कूलरची तर उलटीच तऱ्हा. बाहेरचा गारठा फार झाला, की कूलरमधलं तेल घट्ट होऊन नळ्यांत गोठतं. मग गरम तेल त्या नळ्यांतून जातच नाही, बगलेच्या वाटेनं तसंच इंजिनात परततं. कूलर गोठला म्हणून इंजिन तापलं, ही घटना उंचावर उडणाऱ्या वैमानिकांना माहीत असे.

एकाच घराण्यातली दोन इंजिनं

आता आपल्या देशाकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर लगेच भारतीय हवाई दलाच्या दोन विमानांत एकाच घराण्याचं इंजिन बसलेलं होतं, मघाशी सांगितलेलं ट्विन वास्प. एक विमान होतं मालवाहू डाकोटा, दुसरं बॉम्बफेकी लिबरेटर.

काश्मीर मोहिमेदरम्यान २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डाकोटा लेहच्या नव्या धावपट्टीवर उतरवलं. सोबत जनरल थिमय्या होते. धावपट्टी लडाखचे अभियंता सोनम नोरबू यांनी स्थानिक लोकांच्या मदतीनं तयार केली होती. वाटेत झोजी ला आणि फोटू ला ओलांडण्यासाठी विमान वीस हजार फुटांहून वर न्यावं लागलं. उतरायची जागा जवळपास ११ हजार फुटांवर, जिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश. डाकोटाच्या इंजिनाला गिअरवरचा सुपरचार्जर होता, टर्बो नव्हता. म्हणजे ठरलेल्या उंचीच्या वर प्रत्येक हजार फुटांनी इंजिनाची ताकद उतरत होती, आणि वैमानिकाच्या हातात उरली होती ती घाटांची पारख, वाऱ्याची जाण आणि धीर. लडाख आपल्या हाती राहिला, त्यात या उड्डाणाचा मोठा वाटा आहे.

त्याच काश्मीर मोहिमेत श्रीनगरच्या तळावरच्या लढाऊ विमानांचं नेतृत्व विंग कमांडर हृषीकेश मुळगावकर या मुंबईत जन्मलेल्या अधिकाऱ्यानं केलं. त्यांना महावीरचक्र मिळालं आणि पुढे ते हवाई दलप्रमुख झाले. त्या मोहिमेतलं टेम्पेस्ट विमान अठरा सिलिंडरच्या, हवेनं गार होणाऱ्या सेंटॉरस इंजिनावर उडत होतं. त्याच्या मागच्या रांगेतल्या नऊ सिलिंडरपर्यंत पुरेशी हवा पोचवणं ही रचनेतली एक मोठी परीक्षा होती.

आता दुसरं विमान. महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटिशांनी कानपूरला बरीच लिबरेटर विमानं सोडून दिली. पुन्हा कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून त्यांची मोडतोडही केली. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्याचे कामगार तिथं गेले. हा कारखाना १९४० मध्ये वालचंद हिराचंद यांनी, आपल्या सोलापूरच्या माणसानं, उभा केला होता. युद्धकाळात तिथं अमेरिकी विमानांची दुरुस्ती होत असे, त्यामुळे ही इंजिनं त्या कामगारांच्या हाताखालून गेलेली होती. त्यांनी मोडकी विमानं एका उड्डाणापुरती नीट केली. चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळूरला नेली, आणि तिथं त्यांची नव्यानं बांधणी झाली. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांची पहिली तुकडी उभी राहिली. १९५१ पासून सहाव्या स्क्वॉड्रननं ही विमानं पुण्याच्या लोहगाव तळावरून समुद्रावरच्या टेहळणीसाठी वापरली. १९६८ च्या अखेरीस ती निवृत्त झाली. जगातल्या कुठल्याही हवाई दलात लिबरेटर इतकी वर्षं टिकलं नाही.

या विमानाचा इंजिनाकडचा भाग जवळून पाहिला, तर आजचा सगळा विषय तिथं उघडा दिसतो. गोल सिलिंडरांच्या इंजिनावरचं झाकण, म्हणजे काउलिंग, स्वाभाविकपणे गोल असतं. डाकोटाचं तसंच आहे. लिबरेटरचं मात्र आडवं लांबट, अंड्यासारखं आहे. मधल्या गोल तोंडातून सिलिंडर गार करणारी हवा जाते. दोन्ही कडांना जी वाढीव तोंडं आहेत, त्यांतून तेलाच्या कूलरसाठी आणि इंटरकूलरसाठी हवा आत घेतली जाते. आणि इंजिनाच्या मागे, डब्याच्या तळाशी, टर्बोचं चक्र बाहेरच्या वाऱ्यात अर्धवट उघडं ठेवलेलं आहे, म्हणजे वाहती हवा त्यालाही गार करील.

त्यातून हवेचा प्रवास असा होतो. बाहेरची हवा टर्बोत येते, दाबली जाते, तापते. मग ती इंटरकूलरमधून जाते. इंटरकूलर म्हणजे दाबलेल्या हवेसाठी लावलेला रेडिएटर. तिथं बाहेरची गार हवा तिची उष्णता घेऊन जाते. नव्वद अंशांची हवा चाळीसवर आली, तर पाचवा हिस्सा गमावला होता तो बाराव्या हिश्शावर येतो, आणि नॉकिंगचा धोका मागे हटतो. मग ती कार्बुरेटरमध्ये, तिथून इंजिनातल्या गिअरवरच्या दुसऱ्या पंख्यात आणि शेवटी सिलिंडरमध्ये. एवढ्या खटाटोपाचं फळ काय? डाकोटाचं इंजिन लेहच्या घाटांवर धापा टाकत होतं. त्याच घराण्याचं लिबरेटरचं इंजिन २५ हजार फुटांवर जवळपास पूर्ण ताकद देऊ शकत होतं. सिलिंडर तेच, आकारमान तेच. फरक होता तो दाबायच्या आणि गार करायच्या साधनांचा.

पुण्याच्या लिबरेटरांना समुद्रावर फार उंच जायची गरज नसे. तरी ती यंत्रणा जिवंत ठेवणं, टर्बोचं बेअरिंग, धुराच्या नळ्यांचे सांधे, इंटरकूलरची गळती रोजच्या रोज तपासणं, हे काम लोहगावच्या तंत्रज्ञांनी अठरा वर्षांच्या आसपास केलं. म्हणूनच निवृत्तीनंतर यातलं एक विमान भारतातून अमेरिकेच्या अ‍ॅरिझोनातल्या पिमा संग्रहालयात उडत गेलं, एक ब्रिटनच्या शाही हवाई दलाच्या संग्रहालयात पोचलं. परदेशातले लोक आज लिबरेटर पाहतात, तेव्हा त्यातली काही विमानं बंगळूर आणि पुण्याच्या हातांनी वाचवलेली असतात. हे आपल्या शाळांच्या पुस्तकांत यायला हवं.

रेडिएटरनं जिंकलेली लढाई

लिबरेटर हवेनं गार होणारं. आता पाण्यानं गार होणाऱ्या घराण्याचा एकच दाखला देतो. ब्रिटिश स्पिटफायर विमानाचं मर्लिन इंजिन २७ लिटरचं. १९४१ मध्ये जर्मनांचं नवं फॉक-वुल्फ विमान आलं आणि स्पिटफायर मागे पडू लागलं. रोल्स-रॉइस कंपनीत स्टॅन्ली हूकर नावाचे गणितज्ञ होते. १९३८ मध्ये ते तिथं आले, तेव्हा इंजिनांचा त्यांना फारसा अनुभव नव्हता. त्यांनी सुपरचार्जरमधल्या हवेच्या वाहण्याचं गणित मांडलं आणि कुठे किती शक्ती वाया जाते हे दाखवून दिलं. मग दोन पंखे एकापुढे एक बसवलेलं, दोन गतींचं मर्लिन ६१ तयार झालं, आणि १९४२ च्या उन्हाळ्यात त्यावर चालणारं स्पिटफायर लढाईत उतरलं. आकारमान तेच, २७ लिटर.

दोन पंख्यांनी दोनदा दाबलेली हवा इतकी तापे, की गार केल्याशिवाय ती सिलिंडरमध्ये सोडणं अशक्य होतं. म्हणून त्या इंजिनाला द्रवानं गार होणारा इंटरकूलर आला, त्याला स्वतंत्र पंप आणि स्वतंत्र रेडिएटर आला. आधीच्या स्पिटफायरच्या पंखांखाली एका बाजूला मोठा रेडिएटर आणि दुसऱ्या बाजूला छोटा तेलाचा कूलर असे. नव्या विमानाच्या दोन्ही पंखांखाली सारखेच मोठे डबे आले. कुठलं इंजिन आत आहे, हे जाणकार माणूस खालून ते डबे बघून सांगू शके. याच जातीच्या इंजिनांची स्पिटफायर विमानं १९४४ मध्ये भारतीय हवाई दलाच्या आठव्या स्क्वॉड्रनला मिळाली आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढली.

रेडिएटर म्हणजे वाऱ्याला अडथळा, हे खरं. पण फार्नबरोच्या संशोधन केंद्रात एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी १९३५ च्या सुमारास दाखवून दिलं, की रेडिएटर नीट आकार दिलेल्या बोगद्यात ठेवला, तर तापून पसरणारी हवा मागून जोरानं बाहेर पडते आणि अडथळ्याचा बराचसा भाग भरून काढते. टाकाऊ उष्णतेतूनही थोडा रेटा मिळतो. कूलंटमध्येही असेच धडे मिळाले. आधी शुद्ध ग्लायकॉल वापरत, कारण ते उकळायला फार तापावं लागतं. पण ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. शेवटी सत्तर टक्के पाणी, तीस टक्के ग्लायकॉल आणि वर दाब, ही जुळणी सरस ठरली.

आजचं लडाख, आजचं अहिल्यानगर

हा सगळा इतिहास जेट इंजिनांनी बाजूला सारला, असं वाटेल. प्रवासी आणि लढाऊ विमानांपुरतं ते खरं आहे. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पिस्टन इंजिन पुन्हा उंचावर गेलं आहे, या वेळी माणसाशिवाय. लडाखच्या सीमेवर टेहळणी करणारं ‘हेरॉन’ हे इस्रायली बनावटीचं मानवरहित विमान रोटॅक्स ९१४ इंजिनावर उडतं. चार सिलिंडर, ११५ अश्वशक्ती, सोबत टर्बो. त्याची हेडं द्रवानं गार होतात आणि सिलिंडर हवेनं. टर्बोमुळे सुमारे पंधरा हजार फुटांपर्यंत त्याची ताकद टिकते, त्यापुढे उतरते. डाकोटाच्या वैमानिकाला जी मर्यादा भोवत होती, तीच मर्यादा आज संगणकाला सांभाळावी लागते.

आपल्या संरक्षण संशोधन संघटनेनं ‘तापस’ हे याच वर्गाचं विमान बनवायला घेतलं. ३० हजार फूट उंची आणि चोवीस तास हवेत राहणं, हे त्याचं उद्दिष्ट होतं. चाचण्यांत दोन्ही आकडे थोडे अलीकडेच राहिले. त्याच्यासाठी देशी इंजिन बनवण्याचं काम ज्या संस्थेनं अंगावर घेतलं, ती आपल्यापासून फार लांब नाही. अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या संस्थेनं १८० अश्वशक्तीचं टर्बो असलेलं डिझेल इंजिन उभं करायला घेतलं आहे. रणगाडे आणि लष्करी वाहनांची पारख करणारी ही संस्था विमानाच्या इंजिनाकडे वळली, यात नवल नाही. उंचावर टिकणारं डिझेल इंजिन हा वाहनांच्याच विद्येचा पुढचा टप्पा आहे.

मला इथं एक गोष्ट ठासून सांगायची आहे. आपण इंजिनांत मागे आहोत, असं आपण नेहमी ऐकतो. पण मागे म्हणजे नेमके कुठे? पिस्टन, क्रँक, ब्लॉक आपण कधीचे ओततो. लाखो ट्रॅक्टर आणि ट्रक आपल्याकडे बनतात. आपली खरी कसोटी लागते ती दाबलेली हवा आणि उष्णता एकत्र सांभाळण्यात. सातशे अंशांत न फाटणारी पाती, नखाएवढ्या बेअरिंगवर लाखभर फेरे घेणारा दांडा, किलोभर वजनात जास्तीत जास्त उष्णता फेकणारा रेडिएटर, आणि हे सगळं उणे पन्नास अंशांत आणि राजस्थानच्या उन्हात सारखंच चालवणारं नियंत्रण. याला झगमग नाही. विमानाच्या उंचीचं कौतुक होतं, कूलरच्या नळीचं होत नाही. पण उंची त्या नळीवरच तोललेली असते.

आपल्या घाटातली प्रयोगशाळा

बुलढाण्यानं यात काय करावं, असा प्रश्न तुम्ही विचाराल. उत्तर रस्त्यावरच आहे. खामगावचे आणि चिखलीचे मिस्त्री रोज टर्बो आणि इंटरकूलर उघडतात. ट्रकच्या दर्शनी भागावर ‘टर्बो’ ही अक्षरं आपण वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. कापसाच्या गाठी घेऊन मे महिन्याच्या दुपारी राजूर घाट चढणारा ट्रक, बाहेर बेचाळीस अंश, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, वेग कमी म्हणून रेडिएटरला वारा कमी आणि इंजिनावर पूर्ण भार. फिन्समधून जाणारी हवा कमी आणि फेकायची उष्णता पूर्ण, हे ३० हजार फुटांवरचंच संकट आहे. कारण वेगळं, हिशेब तोच.

शेगावला संत गजानन महाराजांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे. जिल्ह्यात तंत्रनिकेतनं आहेत, आयटीआय आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांना माझं आवाहन आहे. एका भरलेल्या ट्रकला चार तापमापक लावा. एक टर्बोच्या आधी, एक टर्बोच्या नंतर, एक इंटरकूलरच्या पलीकडे आणि एक रेडिएटरच्या वरच्या नळीला. जोडीला दाबमापक लावा. घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत आकडे नोंदवा. एकदा जानेवारीत, एकदा मे महिन्यात. मघाशी मी फळ्यावर मांडलेला हिशेब त्या आकड्यांशी ताडून पाहा. पंख्याची खरी कार्यक्षमता किती निघते, इंटरकूलरनं किती उष्णता काढली, धुळीनं त्याच्या जाळ्या भरल्यावर किती फरक पडला, हे सगळं त्या नोंदीतून निघेल. अशी नोंदवही करणारा विद्यार्थी पुढे अहिल्यानगरला किंवा बंगळूरला गेला, तर पहिल्या दिवसापासून कामाचा ठरेल.

आणि गॅरेजातल्या मिस्त्र्यांना वर्गात बोलवा. टर्बोचं तेल वेळेवर न बदलल्यानं दांडा कसा जळतो, इंजिन तापलेलं असताना एकदम बंद केलं की बेअरिंगवर तेल कसं करपतं, हे त्यांनी हातानं पाहिलेलं असतं. त्यांना कारण माहीत नसेल, विद्यार्थ्यांना लक्षण माहीत नसतं. दोघं एकत्र आले, की विद्या पुरी होते. कानपूरच्या मोडक्या लिबरेटरांना ज्यांनी पुन्हा उडतं केलं, ते याच दोन जातींच्या माणसांचं पथक होतं. हातात पाना धरणारे आणि हिशेब मांडणारे.

ताकद सगळ्यांना हवी असते. तिच्यामागून येणाऱ्या उष्णतेची जबाबदारी घ्यायला फार थोडे लोक पुढे येतात. विमानाच्या इंजिनात ज्यांनी ती घेतली, त्यांनीच माणसाला उंचावर नेलं. आपल्या जिल्ह्यातून अशी माणसं घडावीत, आणि ती घडवणारे शिक्षक आपण जपावेत, ही माझी मनापासूनची मागणी आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या कामाचं ऋण फेडायची मला तरी एवढीच वाट माहीत आहे.